मामाच्या गाडीतलं पाणी

आई,

मामाच्या गाडीतलं पाणी कुठं जात होतं, ते तुला सांगायचं राहिलं आहे. तू तेव्हा नव्हतीसच. तुला जाऊन सात वर्षं झाली होती. पण ती गाडी अर्धी तुझी होती, आणि त्या चार दिवसांत मी जे काही केलं ते तुझ्या दुकानात शिकलेलंच होतं, म्हणून दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. गेल्या वर्षी मामाही गेला. वयानं गेला, झोपेत, कसलाही त्रास न होता. आता ही गोष्ट पूर्ण माहीत असलेला मी एकटा उरलो आहे.

तुझं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या गल्लीत, दोन माणसं उभी राहिली की भरणारी खोली. दारावर पत्र्याची पाटी, ‘स्टोव्ह व कुकर दुरुस्ती’. बाबांच्या माघारी तू ती पाटी उतरवली नाहीस, तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले होते, बाईमाणसाला हे कसं झेपायचं. वर्षभरात त्यांच्याच घरचे कुकर पिशव्यांतून तुझ्याकडे येऊ लागले. बाई येते, कुकर फळीवर ठेवते, तक्रार सांगायला तोंड उघडते, आणि तू कुकरकडे बघतसुद्धा नाहीस. स्टूल तिच्यापुढं सरकवतेस. “बस. आज सकाळी उठल्यापास्नं काय काय केलीस ते सांग बघू.” बाई बावरते. कुकर नीट करायला आलेय, आणि ही माझा दिनक्रम विचारतेय! पण मग बोलू लागते. पाणी कधी आलं, डाळ कधी भिजवली, सासरा किती वाजता जेवतो, शेगडी नवी की जुनी. तू ऐकत असतेस. मध्येच एखाद्या शब्दावर तुझी मान किंचित वाकडी होते, आणि मग कुठं तू कुकर उचलतेस.

मला हे फार उशिरा कळलं. चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो, पेपरात उपसंपादक म्हणून नुकता लागलो होतो आणि सुटीच्या दिवशी तुझ्या हाताखाली बसत होतो. तू बाजारात गेली होतीस तेव्हा एक बाई कुकर घेऊन आली. शिट्टी होत नाही म्हणाली. मी कुकर ठेवून घेतला, रबर बदललं, शिट्टी बदलली, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, बाहेरून घासून लखलखीत केला. तिसऱ्या दिवशी बाई परत दारात. तू घरीच होतीस. तिला बसवलंस, विचारलंस. ती म्हणाली, “घरात पावणं आल्यात न्हवं मावशी, आठ माणसांचं होतंय. म्हणून गळ्यापतोर पाणी घालतो की.” तू हसलीस. कुकरला काहीच झालेलं नव्हतं. काठापर्यंत भरल्यामुळं वाफेला जागाच उरत नव्हती. तिच्यासमोरच तू माझ्याकडं वळलीस. “भांडं बघितलास, बाई बघितली न्हाईस. आरं, उघडायला अक्कल लागत न्हाय, पाना लागतोय.” बाईनं पदर तोंडाला लावला. मला आठ दिवस त्या गल्लीतून जायची लाज वाटत होती.

मामानं गाडी आणली ती त्याच सुमाराला. राजारामपुरीतल्या शाळेतून चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झालेला, लग्न न केलेला तुझा धाकटा भाऊ, आणि शाहूवाडीकडं डोंगराच्या कुशीत त्याच्या वाट्याला आलेली भाताची चार खाचरं. तिथं राहायला घर नाही. रोज एसटीनं ये-जा करायला गुडघे ऐकत नव्हते. म्हणून त्यानं कुठल्याशा दवाखान्याची मोडीत काढलेली रुग्णवाहिका घेतली. तिच्यात फळीचा पलंग, एक कपाट, गॅसची छोटी शेगडी असं सगळं बसवलं. आता अशा गाड्यांना कॅम्पर म्हणतात, त्यांच्या जाहिराती येतात. तेव्हा आम्ही तिला घरगाडी म्हणायचो आणि लोक हसायचे. लावणीच्या, कापणीच्या दिवसांत मामा बांधाला गाडी लावून आठ-आठ दिवस तिच्यातच राहायचा.

एकदा तू त्याच्याबरोबर दोन दिवस राहून आलीस आणि म्हणालीस, “एवढं इंजन तापतंय, आनि तुला आंघोळीला पाणी गार?” मग तुझ्या डोक्यात ते शिरलं. इंजिनाचं गरम पाणी दोन रबरी नळ्यांनी मागं आणायचं, पत्र्याच्या टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवायचं आणि परत इंजिनाकडं धाडायचं. वेटोळ्यातलं पाणी वेगळं, टाकीतलं वेगळं, पण एकाच्या उष्णतेनं दुसरं तापणार. गाडी शेतावर पोचेपर्यंत पंधरा लिटर कढत पाणी तयार. वेटोळं तू स्वतः वळवलंस, टोकांना पितळी तोट्या बसवून, कथील वितळवून जोडावर डाख दिलास. मग ते पाण्यानं भरलेल्या टबात बुडवून एका टोकाला सायकलचा पंप लावलास आणि मला हवा मारायला लावलीस. तासभर आपण दोघं बुडबुडा येतो का बघत बसलो होतो. एकही आला नाही. मामानं विचारलं होतं, “अक्का, ह्या पान्याचा च्या केला तर चालंल?” तू म्हणालीस, “न चालायला काय झालं? फुटलंच उद्या, तर पान्यात पानी.”

तू होतीस तोवर ते खरंच होतं. त्या काळी आपल्याकडं रेडिएटरमध्ये सगळे साधं पाणीच घालायचे, नळाचं नाहीतर विहिरीचं.

तू गेल्यावर गाडीची देखभाल माझ्याकडं आली. मामा म्हणायचा, अक्काचा हात तुझ्यात आलाय. मला ते आवडायचं. सातव्या वर्षी उन्हाळ्यात मी गाडीला चांगले दोन दिवस दिले. रेडिएटर धुतला, त्यात साध्या पाण्याऐवजी हिरवं कुलंट घातलं. इंजिन गंजत नाही, पाणी लवकर उकळत नाही, असं सगळीकडं ऐकत होतो. टाकीतलं वेटोळं खराब रस्त्यावर खडखडायचं, तो आवाजही बंद केला. मामा खूश झाला. कुलंटचा डबा मी कपाटात ठेवून दिला. त्यावर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं ओळ न् ओळ तपासणं हा माझा धंदा, आणि तो डबा मी वाचला नाही.

कापणीच्या दिवसांत, एका गुरुवारी, मामा शेतावरून परत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. अर्धं भात कापून खाचरातच पडलेलं, आभाळ भरून आलेलं, आणि गाडीतलं पाणी रोज कमी होतंय. घाट चढला की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जातोय. “सोमवारी मला परत गेलंच पायजे,” म्हणाला. त्याला स्वतःलाही बरं नव्हतं. मळमळत होतं, दोनदा उलटी झाली होती, चालताना तोल जात होता. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, मधुमेह आहे तर वेळेवर खा म्हणून दटावलं होतं. आम्ही दोघांनीही त्यावर विश्वास ठेवला आणि गाडीच्या मागं लागलो.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, रेडिएटरमध्ये डोकावून पाहिलं, खाली वाकून बघितलं. जमिनीवर थेंब नाही. “भायेर गळत न्हाय म्हंजे आत जळतंय. हेड गॅस्केट गेलंय, इंजनाच्या डोक्याखालचं पॅकिंग. हेड उघडावं लागतंय.”

“उघडून होईल?” मी विचारलं.

“उघडंल की. बंद व्हईल का ते इचारा,” मिस्त्री म्हणाले. “ह्या इंजनाचं सामान आता कोन ठेवत न्हाय. आत आनि काय निघालं तर गाडी हितंच ऱ्हायली समजा.”

मामा बाकड्यावर बसला होता. “मग भंगारात घालूया,” असं अगदी हळू म्हणाला. नंतर माझ्याकडं न बघता म्हणाला, “गाडी गेली की माझं शेत बी गेलं रं. एसटीनं जाऊन बांधावर उभा ऱ्हायाचं आनि पाच वाजता परत, त्याला काय शेती म्हनत्यात?”

मी मिस्त्रींना म्हटलं, रविवारपर्यंत थांबा, हात लावू नका. ते हसले. “पेपरवाले, छापून पानी थांबत न्हाय हां.” मी कार्यालयात रजा टाकली आणि गाडी मामाच्या इमारतीसमोर आणून लावली. डोक्यात एकच होतं, की उघडायला पाना लागतो. पाना तर सगळ्यांकडंच असतो.

शुक्रवारी मी गाडीखाली जुने पेपर अंथरले, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, आणि गाडी चालू करून तासभर तापवली. कागद कोरडे. एकेक रबरी नळी पुसून कोरडी केली, जोडांवर साबणाचा फेस लावला, बोट फिरवलं. पाण्याच्या पंपाखाली कापूस धरला. कोरडा. तेलाची पट्टी काढून बघितली. पाणी तेलात मिसळलं असतं तर तेल साईसारखं पांढुरकं झालं असतं, तसं काही नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. रेडिएटरचं झाकण काढून चालू इंजिनात बघत बसलो, बुडबुडे नाहीत. हेड गॅस्केट गेलं असतं तर यातलं काहीतरी दिसलं असतं. झाकणाचं रबर बघितलं, ते म्हणजे कुकरच्या शिट्टीचंच भावंड. तरी नवं झाकण आणून लावलं. शनिवारी जोतिबाचा घाट चढून आलो. अर्धा लिटर गेलं होतं. खुणेसाठी रेडिएटरच्या तोंडाशी काडी बुडवून तिच्यावर खाच पाडली आणि झोपलो. रविवारी सकाळी काडी बुडवली, तर पाणी खाचेच्या वर दोन बोटं! कुणी घातलं नव्हतं. आणखी एक गोष्ट होती. मी कमी झालेलं कुलंटच भरत होतो, पाणी मिसळत नव्हतो, तरी हिरवा रंग दिवसेंदिवस फिका होत चालला होता.

मिस्त्रींना फोन केला. “वाढलं?” ते म्हणाले. “झरा लागला म्हना की गाडीला. नारळ फोडा.”

मी खाली येऊन गाडीच्या पायरीवर बसलो. मला राग आला होता, आणि गंमत म्हणजे तो गाडीवर नव्हता. तीन दिवस मी भांडंच बघत होतो. मामा वरून शाल गुंडाळून आला, हातात चहाचा पेला, आणि शेजारी टेकला. चेहरा पांढरा पडलेला. मी त्याला म्हटलं, “मामा, शेतावर सकाळी उठल्यापास्नं काय काय करतोस, ते पयल्यापास्नं सांग.”

तो हसला. “अक्कावानी इचारतोस की.”

“सांग तर.”

“उठतो. तोंड धुतो. टाकीतनं तांब्याभर पानी काढतो, च्या टाकतो. शेतात फिरून येतो. परत च्या. गडी आले की त्यास्नी चुलीवर येगळा. दुपारी भाकरी, परत च्या...”

“सगळा टाकीतल्या पाण्याचा?”

“माझा तेवढा. गॅस वाचतोय की. अक्कानं केलेलं हाय, वापराय नगो? हितं बी आता नळाला पानी न्हवतं तर गाडीतनंच काढलो.” त्यानं पेला उचलून दाखवला. “आनि तुला सांगतो, त्या पान्याला चव हाय. डॉक्टरनं साखर बंद केल्यापास्नं फिक्का च्या घशाखाली उतरत न्हवता. आता साखर नसली तरी गोड लागतोय. जिभेला सवय झाली बघ.”

मी त्याच्या हातातून पेला काढून घेतला तेव्हा अर्धा चहा त्याच्या शालीवर सांडला. टाकीची तोटी सोडून थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. गोड. मी थुंकलो. मग कपाटातला तो डबा काढून पहिल्यांदा वाचला. विषारी. पोटात जाऊ देऊ नये.

पाणी कुठं जात होतं ते तिथं कळलं. इंजिन तापलं, दाब चढला की वेटोळ्यातून कुलंट टाकीत जायचं. गाडी गार झाली की टाकीतलं थोडं पाणी उलट आत ओढलं जायचं. म्हणून जमीन कोरडी, म्हणून काडीची खाच बुडलेली, म्हणून रंग फिका. सगळं बरोबर जुळलं, आणि मला त्याचा काडीइतकाही आनंद झाला नाही. मामाला रिक्षात घातलं, डबा बगलेत मारला आणि दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी लेबल वाचलं, मामाला किती दिवस, दिवसातून किती पेले, असं बारकाईनं विचारलं आणि लगेच भरती करून घेतलं. बाहेर येऊन मला म्हणाले, मात्रा थोडी आहे, वेळेवर आणलंत, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवू. आणखी आठवडाभर हाच चहा चालला असता तर काही सांगता आलं नसतं, असंही ते म्हणाले.

दुपारी मी परत गाडीपाशी आलो. मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं, ते यायचे होते. टाकी रिकामी केली, कोरडी पुसली, इंजिन चालू केलं आणि टॉर्च घेऊन आत बघत राहिलो. थोड्या वेळानं वेटोळ्याच्या खालच्या अंगाला हिरवा थेंब जमला, लोंबला, पडला. तिथंच शेजारी तुझा डाख होता. मी छोटा आरसा खाली धरला. डाखावर केसाइतकीही भेग नव्हती. त्याच्यापासून दोन बोटांवर नळी चिरली होती, नखानं ओरखडल्यासारखी अर्धगोल, आणि त्या चिरेवर लोखंडी पट्टीची कड टेकली होती.

ती पट्टी माझी. खडखडाट थांबवायला उन्हाळ्यात मीच बसवलेली. लोखंड आणि तांब्याच्या मध्ये रबराचा तुकडा ठेवायला हवा होता, हे मला माहीत होतं. त्या दिवशी रबर हाताशी नव्हतं, म्हणून तसाच बोल्ट आवळला. पाच महिने घाटातल्या हादऱ्यांनी पट्टी नळी खात होती.

मिस्त्रींच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. मी बोल्ट सोडवला, पट्टी काढली आणि खिशात घातली.

मिस्त्रींनी वरून टॉर्च मारला, थेंब बघितला. “तरीच. डाख सुटलाय. जुनं काम हाय, किती दिस टिकनार?” मग मान हलवून म्हणाले, “पन पेपरवाले, मानलं तुमास्नी. मी हेड उघडून बसलो असतो.” आम्ही वेटोळं कापून काढलं, दोन रबरी नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या, रेडिएटर भरला. सोमवारी मी एकटाच गाडी घेऊन शाहूवाडीला गेलो. काटा मध्यावर होता तो तिथंच राहिला. शेजारच्या शेतकऱ्यांनी मामाचं राहिलेलं भातही कापून, सगळं झोडून घेतलं होतं, मी पोती घरगाडीत घालून आणली.

मामा पाचव्या दिवशी घरी आला. मी त्याला कुलंटचं सगळं सांगितलं, लपवलं नाही. डबा वाचला नाही हेही सांगितलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “गाडीच्या भल्यासाठी घातलास रं. तुला काय ठावं, मी पितोय म्हनून?” मग विचारलं, “पन अक्काचा डाख सुटला, व्हय?”

मी म्हटलं, “मिस्त्री तसं म्हणतोय.”

एवढंच. विष मी घातलं हे सांगायला जीभ अडखळली नाही, आणि ही साधी पट्टी तोंडातून निघाली नाही. कुलंट घालणं ही न कळून झालेली चूक होती. पट्टी म्हणजे कळत असून केलेला आळस, तोही तुझ्या कामावर. अक्काचा हात तुझ्यात आलाय, असं तो पुन्हा म्हणाला नसता, याची मला भीती वाटली असावी.

त्यानंतर मामा खूप वर्षं जगला. गाडी आणखी सहा हंगाम चालली. गाडीची गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, माझं कौतुक करत सांगायचा, गडी तीन दिवस गाडीखाली पडून होता म्हणायचा. आणि शेवटी हसून, अगदी मायेनं, जोडायचा, “आमच्या अक्काच्या हातचं काम उभ्या पेठेत कुनाला परत आनावं लागलं न्हाय. एवढा एक डाख तेवढा कच्चा निघाला.” ऐकणारेही हसायचे. मी शेजारीच बसलेला असायचो.

कापलेली नळी माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुझा डाख तिच्यावर अजून शाबूत आहे, परवा पुन्हा भिंगाखाली बघितला. हे लिहिलेलं तिच्याभोवती गुंडाळून ठेवतो आहे. मामा दर आठवड्याला माझ्याकडं जेवायला यायचा, त्याच टेबलाशी बसायचा, आणि मी ती त्याला एकदाही दाखवली नाही.